डाळीसाठी केलेली चाळणी

रक्ताच्या पिशव्या टेबलावर होत्या आणि त्यातली एकही माझ्या मुलीला देता येत नव्हती. त्यातल्या दोन तिच्याच गटाच्या होत्या, बी निगेटिव्ह. हा गट सहसा मिळत नाही, असं डॉक्टरीणबाई आठवडाभर सांगत होत्या. तो माझ्या हातापासून वीतभर अंतरावर पडला होता. पिशवीच्या चिठ्ठीवर बॉलपेनने मुदत लिहिलेली होती. मी चौथी शिकलेली आहे, तेवढं मला वाचता येतं. मुदत जानेवारीतली होती आणि बाहेर अजून नोव्हेंबर चालला होता.

मी रक्तपेढीतल्या माणसाला म्हणाले, "भाऊ, हाई तारीख तं पुढली शे. मंग संपनी कशी?"

तो पन्नाशीचा, चष्मेवाला, साधा माणूस होता. म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरच्या यादीत ह्या संपलेल्यांत आल्या. यादी निघाली तशा मी सकाळी फ्रीजमधून बाहेर काढल्या." मग त्याने पिशवी उचलली, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. त्याचा चेहरा उतरला. पिशवी खाली ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "चार तास झाले बाहेर. आता खरंच संपल्या."

आतल्या खोलीत मधू पडली होती. नववा महिना, बाळाची वार खाली आलेली, आणि सकाळपासून रक्त जात होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, रक्त हातात आल्याशिवाय पोट उघडणार नाही, उघडलं तर आई टेबलावरच जाईल. मी विचारलं, तोवर बाळ थांबेल का. त्या म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही.

दर साली कार्तिक सरत आला की जळगावच्या बाजारात भरिताची वांगी येतात. हिरवी, पांढऱ्या रेघांची, लहान मुलाच्या डोक्याएवढी. घरांच्या मागे कपाशीच्या वाळक्या काड्या पेटतात आणि करपलेल्या सालीचा वास गल्लीत बसून राहतो. कापसाच्या गाड्या ओसंडून जातात, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकतात. सकाळी हवा कोरडी आणि थंड असते, टाचा फुटतात. लोकांना हा हंगाम आवडतो. मला आवडत नाही, पण मी भरीत खाते. न खाऊन काय होणार आहे. चव तशीच लागते. हंगामाला कुणाचं काही माहीत नसतं.

मी बावीस वर्षं दालमिलमध्ये निवडणीला होते. माझं माहेर चोपड्याकडचं, नवरा मिलच्या ट्रकवर होता, तो लवकर गेला. मग मी आणि मधू. मिलमध्ये आम्ही बाया रांगेने बसायचो, समोर सूप, मागे चाळण्यांची खडखड. तुरीला एक जाळी, मुगाला दुसरी, हरभऱ्याला तिसरी. माल बदलला की जाळी बदलायची, हा मिलचा पहिला नियम. कुणी विसरलं तर मुकादम आईमाईवरून बोलायचा. एकदा माझ्या शेजारच्या सखूने तुरीच्या जाळीवर मूग लावला. सगळा मूग खड्यांसकट खाली गेला आणि वर काहीच राहिलं नाही. सखू खूष झाली, म्हणाली किती साफ माल आला. आम्ही दिवसभर हसलो. वर काही राहिलं नाही म्हणजे माल साफ आहे असं नसतं, हे मिलमधल्या कोणत्याही बाईला कळतं. मलाही कळत होतं. म्हणून तर सांगते आहे.

मधू शिकली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, धुळ्याला दिलं तिला, पण नोकरी जळगावात लागली. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, शनिवारी एसटीने धुळ्याला. जावई सुनील धुळ्याला शाळेत मास्तर, चांगला माणूस. सातवा लागल्यावर एसटी बंद केली आणि ती माझ्याकडेच राहिली. पहिलं बाळंतपण तसंही माहेरी असतं.

तिची कचेरी एका सराफाच्या दुकानावर होती. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, खिडकीला जाड पडदा. मालक प्रकाशभाऊ, मारवाडी, घरचा कापडाचा धंदा सोडून ह्यात पडलेले. दुपारी मी डबा घेऊन जायची आणि तिचं जेवण होईतो स्टुलावर बसायची. तिथे मला जे दिसलं तेवढंच मला कॉम्प्युटरमधलं माहीत आहे.

त्या वर्षी सगळीकडे एकच धास्ती होती. कॉम्प्युटरला सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची सवय. नव्व्याण्णव संपून शून्य शून्य आलं की तो समजणार आपण शंभर वर्षं मागे गेलो. म्हणून जुने प्रोग्राम तपासायचे आणि साल जिथे जिथे असेल ती जागा शोधून दुरुस्त करायची. एकेका प्रोग्रामात हजारो ओळी. मधूने मला छापलेला एक गठ्ठा दाखवला होता, मिलच्या गोणीवर ठेवला असता तर गोणी झाकली असती.

मी विचारलं, एवढं वाचतेस कसं? ती म्हणाली, वाचत नाही, चाळते.

काळ्या पडद्यावर ती एक ओळ टाइप करायची. ओळीत शोधायचा शब्द, पुढे तो कुठल्या फायलींत शोधायचा ते. एक बटण दाबलं की त्या हजारोंतून तेवढ्याच ओळी भराभर वर चढत यायच्या, प्रत्येकीच्या आधी फायलीचं नाव आणि ओळीचा नंबर. तारखेसाठी ती जो इंग्रजी शब्द शोधायची तो दुसऱ्या मोठ्या शब्दांच्या पोटातही असायचा, मग ते फुकटचे शब्दही वर यायचे. त्यांना गाळायला ती पुढे आणखी एक ओळ जोडायची. एक ओळ अशी होती की तिच्यात शब्दच नव्हता. दोन आकडे, तिरपी रेघ, पुन्हा दोन आकडे, असा आकार जिथे दिसेल ती जागा ती काढायची. मला हे लगेच पटलं. आम्हीही खडा नावाने ओळखत नाही, आकाराने ओळखतो.

ह्या ओळी ती रोज नव्याने करत नव्हती. एक ओळ नीट जमली की फायलीत साठवायची, वर दोन शब्दांत लिहायची की ही काय पकडते आणि कुठे फसली होती. शिवाय वहीतही उतरवायची, कारण धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी फ्लॉप्या खराब व्हायच्या. वहीत तिच्या अक्षरात ती चिन्हं दिसायची. चांदणी, कंस, उभी काडी, कौलारू घराचं छप्पर असावं तसं काहीतरी. मी विचारलं हे छप्पर कशाला. ती म्हणाली, ओळीच्या अगदी सुरुवातीलाच असलेला शब्द हवा असेल तर. मी म्हटलं, बरं.

अशा ओळींची पहिली चाळणी तिने एका दालमिलच्या प्रोग्रामसाठी केली. मग दुसऱ्या मिलला तीच लावली, थोडी सुधारली. मग तिसऱ्या. मिलच्या प्रोग्रामांत माल आल्याची तारीख, गेल्याची तारीख, साल, दिनांक, हे शब्द ज्याने त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी लिहिलेले असायचे. ते सगळे तिने हुडकून चाळणीत घातले. आधी चार दिवस लागायचे ते काम एका दिवसावर आलं. प्रकाशभाऊ माझ्या डब्यातली शेवभाजी खात म्हणायचे, अक्का, तुमच्या मुलीने चाळणी बनवली, आता मिलवाल्यांनी तुम्हाला काढून टाकलं तर मला बोलू नका. मी म्हणायची, मिलच्या चाळणीला पगार लागत नाही, तुमच्या चाळणीला लागतो, तेव्हा तुम्ही जपून राहा. हसत होतो. मधूच्या पायांना तेव्हा सूज यायला लागली होती.

दसरा झाल्यावर दवाखान्याचं काम आलं. त्यांच्या रक्तपेढीचा प्रोग्राम. नाशिककडच्या कोणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी लिहिलेला, तो माणूस आता कुठे आहे कुणाला ठाऊक नव्हतं. मधूने दुपारी डबा उघडला, एक घास खाल्ला आणि डबा बाजूला सारून पडद्याकडे बघत बसली. म्हणाली, "माय, हाई दालमिलनं नही, दवाखानानं शे. एक डाव बठ्ठा वाचना पडी."

प्रकाशभाऊ दारातच होते. ते म्हणाले, सगळा वाच, दोन दिवस घे, घाई नाही. हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी घाई केली नाही.

मी खाली तिच्या पायांकडे बघत होते. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते, घोटा दिसत नव्हता. आणखी दोन दिवस त्या खुर्चीवर बसून गठ्ठा वाचायचा म्हणजे काय, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "चाळणी तयार शे ना? मंग तीच लाव. आनि घर चाल."

ती माझ्याकडे बघून थोडी हसली. दमलेली होती. तिने चाळणी लावली. ओळी वर चढत आल्या, ज्या सापडल्या त्या तिने दोन दिवसांत दुरुस्त केल्या. मग पुन्हा चाळणी लावली. पडद्यावर काहीच आलं नाही. तिने अहवालात लिहिलं की आता काही शिल्लक नाही, आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. मी तिच्या पायांना कोमट तेल लावलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

म्हातारपणी माणसं सांगतात की मनात शंका आली होती, डोळा लवत होता, कुत्रं रडलं होतं. मला असलं काही झालं नाही. दिवाळी चांगली गेली. मधूने फराळ हादडला. सुनील धुळ्याहून आला, पाळण्याची दोरी आणून गेला. थंडी पडली, वांगी आली.

रक्त पिशवीत फार दिवस टिकत नाही, महिनाभराच्या थोडं वर. त्यामुळे तोवरच्या सगळ्या पिशव्यांची मुदत त्याच सालात संपत होती आणि प्रोग्राम बरोबर चालत होता. चोपड्याला रक्तदानाचं शिबिर झालं, त्या पिशव्या आल्या, आणि त्यांची मुदत पहिल्यांदा नव्या सालात गेली. शून्य शून्य. नव्व्याण्णवच्या मानाने ते शंभर वर्षं जुनं. कॉम्प्युटरने सकाळी संपलेल्यांची यादी छापली, त्यात शिबिराच्या सगळ्या पिशव्या. यादीतल्या पिशव्या बाहेर काढायच्या, हे त्या चष्मेवाल्या माणसाचं रोजचं काम. त्याने ते केलं. यादी नुकतीच तपासून दुरुस्त केलेल्या प्रोग्रामातून निघाली होती. त्याने ती का मानू नये?

आणि त्याच सकाळी मधूचं रक्त जायला लागलं.

मी माझा हात पुढे केला. नर्सने थेंब काढून बघितला आणि सांगितलं, तुमचा गट वेगळा आहे, आणि आजी, तुमच्यातच रक्त कमी आहे. मी बाकावर बसले. प्रकाशभाऊ धावत आले आणि दवाखान्याच्या फोनवर बसले. एकेक ठिकाण. भुसावळ नाही. जळगावातल्या दुसऱ्या दोन पेढ्यांत नाही. मिलमध्ये कुणीतरी निरोप नेला, तशा बाया काम टाकून आल्या. केसांत डाळीची पूड, पदर खोचलेले. व्हरांड्यात रांगेने हात पुढे करून बसल्या. एकीचाही गट जुळला नाही. सखू म्हणाली, इतक्या बाया आणि एकीचंही रक्त कामाचं नाही, मुकादम आपल्याला बिनकामाच्या म्हणतो ते खरंच म्हणायचं. कुणी हसलं नाही. ती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरून राहिली. मला हात धरलेला आवडत नाही. मी सोडवला नाही.

दुपारी धुळ्याला एक पिशवी मिळाली. सुनीलने ती बर्फाच्या डब्यात घातली आणि कुणाची तरी जीप घेऊन निघाला. धुळे ते जळगाव. पारोळा, एरंडोल. प्रकाशभाऊ मला दर थोड्या वेळाने सांगायचे, आता पारोळा आला असेल, आता एरंडोल. त्यांनाही माहीत नव्हतं, ते अंदाजाने बोलत होते. एरंडोलच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती, हे नंतर कळलं. सुनील उतरून गाडीवानांच्या पाया पडत पुढे चालला होता आणि मागून जीप येत होती.

मी मधूजवळ उभी होते. तिचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा झाला होता. शुद्धीवर होती. पिशव्या बाहेर काढल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. नर्स थोड्या थोड्या वेळाने तिच्या पोटावर नळी ठेवून कान लावायची. आधी दर वेळी मान हलवायची, ठीक आहे म्हणायची. मग एकदा तिने नळी ठेवली, उचलली, थोडी बाजूला ठेवली. पुन्हा उचलली, खाली ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली, आणि मधू मला म्हणाली, "माय, ती काय शोधी ऱ्हायनी?"

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

चारच्या पुढे सुनील आला. डबा छातीशी धरलेला. मधूला आत नेलं.

एवढ्या वर्षांत पुष्कळांनी मला सांगितलं की तुमचा काय दोष, तुम्ही अडाणी बाई. अडाणी म्हटलेलं मला चालतं, पण ते खरं नाही. बाकी कुणाला कळलं नसतं ते मला कळत होतं. दुसऱ्या मालाला जाळी बदलावी लागते. बावीस वर्षं मी तेवढंच करत होते. त्या दिवशी मी जाळीकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं. दुसऱ्या कुठल्या आईने वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही. पण त्याने काही बदलत नाही.

तिसऱ्या दिवशी मधूला पिशव्यांचं कळलं आणि तिने प्रकाशभाऊंना रक्तपेढीच्या प्रोग्रामाचा गठ्ठा आणायला सांगितला. मी नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. उशीला टेकून, हातात सलाईन, ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली, पहिल्या पानापासून, जसं तिला दसऱ्यानंतर वाचायचं होतं तसं. प्रकाशभाऊ पानं उलटत होते. दुपारी केव्हातरी तिचं बोट थांबलं. तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाली, "माय, मी मुदत शोधीच नही."

दालमिलच्या प्रोग्रामात कशालाच मुदत नसते. डाळ येते, डाळ जाते. म्हणून चाळणीत तो शब्द नव्हताच. आणि त्या नाशिकच्या माणसाने रक्ताची मुदत म्हणून मुदत हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवला होता. तारीखही तिथे आकड्यांनी लिहिलेली नव्हती, रक्त काढल्याच्या दिवसात दिवस मिळवून प्रोग्राम ती स्वतः काढत होता. त्यामुळे आकार शोधणारी ओळही वरून निघून गेली. चाळणीवर काही राहिलं नाही आणि माल साफ वाटला.

मी म्हटलं, मीच तुला सांगितलं होतं. ती म्हणाली, तू माझे पाय बघत होतीस, प्रोग्राम मी बघत होते. त्यापुढे ह्या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. भांडलोही नाही. भांडलो असतो तर कदाचित बरं झालं असतं.

तिने वही मागितली आणि मुदतीची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. वर लिहिलं: दवाखान्यासाठी वेगळी. नवी जागा आली की आधी सगळं वाचावं, मग चाळावं. अक्षर वेडंवाकडं आलं. प्रकाशभाऊंनी ती ओळ त्याच दिवशी नेऊन चालवली. त्या प्रोग्रामात आणखी बऱ्याच ठिकाणी मुदत सापडली, औषधांच्या कोठारात आणि लशींच्या यादीतसुद्धा. तोच प्रोग्राम आणखी काही दवाखान्यांत होता, तिथेही त्यांनी स्वतः जाऊन ती ओळ लावली. डिसेंबर संपायच्या आत सगळं दुरुस्त झालं.

मग एक जानेवारी आली. काहीच झालं नाही. दिवे गेले नाहीत, बँका बंद पडल्या नाहीत, एसटी वेळेवर सुटली. लोक चहाच्या टपरीवर हसत होते की उगाच एवढा बाऊ केला, कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरवलं. आजही कुणी त्या वर्षाची गोष्ट काढली की हेच म्हणतात, काही झालं नाही.

मुलगा होता. पूर्ण वाढलेला, डोक्यावर दाट केस. सुनीलने त्याला स्वतःच्या हातांनी पुरलं.

त्या दिवसातून मधू वाचली. बाळ वाचलं नाही.